पिवळी साडी आणि अडुसष्ट टक्के

नवी गाडी घेतली की लोक पेढे मागतात. विनायक नेरकरांनी विजेची गाडी घेतली तेव्हा पेढे कुणीच मागितले नाहीत. सगळ्यांनी एकच विचारलं, एका चार्जिंगमध्ये किती चालते? डिंडोलीतल्या त्यांच्या सोसायटीत वॉचमनने विचारलं, चेअरमनने विचारलं, इस्त्रीवाल्याने शर्टाची घडी हातात देता देता विचारलं. आपल्याकडे नवरा मुलगा बघायला गेल्यावर पगार विचारतात ना, तसं.

आता खरं बोलायचं तर नेरकर सरांना दिवसाला लागत होते किती? मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवायला जाऊन-येऊन बारा किलोमीटर, आणि परतताना भाजी घ्यायची असली तर चौदा. संपलं. पण ‘किती चालते’ म्हणून विचारणाऱ्याला ‘मला चौदा लागतात’ असं सांगून भागत नाही. म्हणून सर कंपनीने सांगितलेला आकडा सांगत, तीनशे पंधरा. त्यावर समोरचा डोळे बारीक करून ‘आणि खरी किती?’ असं विचारी, की सर अडीचशेवर येत. समोरच्या फ्लॅटमधले धनसुखभाई तर त्याहून पुढचे. कंपनीचा आकडा आधी अर्धा करायचा, चढ लागला की त्याचाही अर्धा, आणि एसी लावला तर सरळ देवाचं नाव घ्यायचं, हे त्यांचं शास्त्र. धनसुखभाई स्वतः स्कूटर चालवतात, ती गोष्ट वेगळी. सल्ला द्यायला गाडी लागत नाही.

पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट बसवायलाच चार महिने गेले. कमिटी म्हणाली वीज कंपनीचा कागद आणा, वीज कंपनी म्हणाली कमिटीचं पत्र आणा, आणि दोघांचंही म्हणणं पडलं की आधी दुसऱ्याचं आणा. शेवटी एकदाचा पॉइंट बसला, आणि सरांनी तो असा काही वसूल केला की आठ महिन्यांत बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या खाली म्हणून गेली नाही. झोपण्यापूर्वी काही लोक गॅसचा नॉब तीन-तीनदा बघतात. सर खाली जाऊन गाडीचा प्लग बघत.

अशात शोभाच्या मुलीचं, मयुरीचं, लग्न ठरलं. शोभा म्हणजे सरांची धाकटी बहीण, दिलेली नवापूरला. सुरतेहून सरळ गेलं तर एकशे पंधरा किलोमीटर. मुहूर्त मे महिन्यातला, दुपारी बारा पस्तीसचा.

शोभाच्या यजमानांचा, लक्ष्मणरावांचा, फोन आला. मेहुणा म्हणजे हक्काचं गिऱ्हाईक, आणि लक्ष्मणरावांचा आवाज मुळातच शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाणारा. ते म्हणाले, “विनायकराव, बसनं या. त्या तुमच्या गाडीनंच यायचं असेल तर आधी सांगा, ट्रॅक्टर तयार ठेवतो. जिथं अडकाल तिथून मांडवापर्यंत ओढत आणू.” फोन स्पीकरवर होता. पलीकडून निदान वीस माणसं हसली. हसण्यात शोभाही होती, हे सरांनी ओळखलं आणि ते त्यांना लागलं.

“मी गाडीनंच येणार,” सर म्हणाले. झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

लग्नाला उशीर झाला तर काय, अक्षता राहिल्या, जेवण सापडलं, असं इतरांचं असतं. मामाचं तसं नसतं. यांच्याकडे नवरी उभी राहते ती मामाने आणलेली पिवळी साडी नेसून, आणि मामाच तिला हाताला धरून मांडवात आणतो. साडी येईपर्यंत मुलगी खोलीबाहेर येत नाही. शोभाला भाऊ एकच. म्हणजे मामा एक, साडी एक आणि गाडी एक, तीही विजेची. पिवळी साडी मयुरीने स्वतः फोनवरून तीन तास दुकान बघून निवडली होती. ब्लाउज सुरतेतच शिवून झाला होता आणि साडीबरोबर एकाच पिशवीत ठेवला होता.

इथवर सगळं ठीक होतं. पण सुरतेहून खान्देशात जाणारी गाडी रिकामी जाऊ देणं हा आपल्या लोकांत गुन्हा आहे. साड्या सुरतेच्या, लग्नं खान्देशातली. ‘गाडी जातेच आहे तर’ हे चार शब्द ज्याला ऐकावे लागले नाहीत असा सुरतेतला मराठी माणूस दाखवा. सोसायटीतून आणि शाळेतून मिळून बारा गठ्ठे जमले. कुणाचा आहेर, कुणाची जावेची साडी, कुणाच्या नणंदेचं जुनं रुसणं काढायला दोन भारीतल्या. नीलाने, म्हणजे सरांच्या बायकोने, सगळ्यांची खरेदी एकाच दुकानातून करून दिली होती, त्यामुळे सगळ्यांच्या पिशव्या सारख्या, पांढऱ्या, वर लाल अक्षरं. पिवळ्या साडीची पिशवीही त्यातलीच. ती तेवढी नीलाने मागच्या सीटवर वेगळी ठेवली आणि सरांना दोनदा दाखवली.

आदल्या संध्याकाळी वैशालीताई तसल्याच पिशवीतला तेरावा गठ्ठा घेऊन आल्या. तो पलसाण्याला त्यांच्या बहिणीकडे द्यायचा होता. “वाटेतच तर आहे,” त्या म्हणाल्या. पलसाणा वाटेत नाही. पलसाणा मुंबईच्या रस्त्याला आहे आणि नवापूरचा रस्ता दुसऱ्या दिशेला जातो, हे सुरतेतलं शेंबडं पोरही सांगेल. पण नाही म्हणावं तर गाडीला झेपत नाही असा त्याचा अर्थ निघाला असता. सर म्हणाले, देऊ की. पुढे त्यांनी मनातल्या मनात वीस किलोमीटर वाढवले आणि त्या रात्री प्लग चार वेळा बघितला.

पहाटे साडेपाचला शंभर टक्क्यांवर गाडी निघाली. पलसाण्याला वैशालीताईंच्या बहिणीने गठ्ठा घेतला आणि यांनाही धरलं. चहा झाल्याशिवाय सोडलं नाही, चहाबरोबर उपमा झाला, आणि त्यांचे यजमान लुंगीवर खाली येऊन गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, किती चालते? तिथे पाऊण तास गेला. तिथून चलथाणवरून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत सरांनी जरा जोरात हाणली, नीलाने एसी लावला होता, आणि बारडोली मागे पडली तेव्हा पडद्यावर आकडा होता एकोणऐंशी.

एकोणऐंशी! आठ महिन्यांत सरांनी हा आकडा पाहिला नव्हता. त्यांनी एसी बंद केला. नीलाने काच खाली केली, तर काच उघडी असली की वारा गाडीला मागे खेचतो म्हणून तीही वर करवली. मे महिना, बंद काचा आणि नेसलेली पैठणी, अशा अवस्थेत नीला पुढचे पाच किलोमीटर एक अक्षर बोलली नाही. ज्यांचं लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली आहेत त्यांना या गप्प बसण्याची किंमत सांगायला नको.

वास्तविक सर गणिताचे शिक्षक. पन्नास किलोमीटरला एकवीस टक्के तर पंच्याऐंशी किलोमीटरला किती, हे त्रैराशिक सातवीतलं पोर सोडवतं. सरांनी ते तीनदा सोडवलं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं, भरपूर पुरेल. पण डोकं सांगत होतं पुरेल आणि पोट सांगत होतं नाही. पोटात धनसुखभाई बसले होते. पुढे सोनगढनंतर चढ आहे, चढाला अर्धं करायचं, असं ते आतून बजावत होते. आणि डोळ्यांसमोर सारखा तो ट्रॅक्टर येत होता, दोरखंडासकट.

एका हॉटेलच्या आवारात चार्जिंगचं मशीन दिसलं आणि सरांनी वळवली. नीला म्हणाली, अहो, अजून ऐंशी टक्के आहे. सर म्हणाले, अठ्ठ्याहत्तर.

मशीनला हात लावायच्या आधी फोनवर एक अ‍ॅप घ्यायचं होतं. अ‍ॅपला मोबाइल नंबर पाहिजे होता, मग नंबरवर आलेला आकडा, मग गाडीच्या कागदाचा फोटो. फोटो दिला तर स्पष्ट नाही म्हणालं. उजेडात जाऊन काढला तर उजेड जास्त आहे म्हणालं. तिसऱ्यांदा मान्य केलं आणि सांगितलं, आपली विनंती तपासली जात आहे. सर पार्किंगच्या परवानगीसाठी चार महिने थांबलेला माणूस, पण आज त्यांच्याकडे चार महिने नव्हते. वीस मिनिटांनी विनंती मंजूर झाली, त्यांनी प्लग लावला, मशीनवर हिरवा दिवा लागला आणि हॉटेलची वीज गेली. तिथला माणूस दात कोरत म्हणाला, आता अकरा वाजता येईल.

तिथून व्याऱ्यापर्यंत सर चाळीसच्या वेगाने गेले. मागून आलेले ट्रक हॉर्न वाजवत, एका दूधवाल्या मोटारसायकलने ओव्हरटेक करताना वळून पाहिलं. सरांनी ते सगळं गिळलं. व्याऱ्याच्या बाहेर त्यांचा जुना विद्यार्थी किरण याचं नाष्ट्याचं हॉटेल होतं. नीलाला हातपाय धुवायचे होते, म्हणून थांबले. आकडा अडुसष्ट. पुढे पन्नास किलोमीटर.

आणि इथे सरांना ती कल्पना सुचली. वजन! गाडीत बारा गठ्ठे, प्रत्येकात सात-आठ साड्या, म्हणजे जवळजवळ एक जादा माणूस फुकट बसलेला. तो उतरवला तर चढाला गाडी हलकी जाईल. किरण म्हणाला, ठेवा की सर, संध्याकाळच्या टेम्पोने नवापूरला पोचवतो, आहेर काय संध्याकाळीही चालतो. नीला मागच्या बाजूला तोंड धूत होती. विचारावं असं सरांच्या मनात आलं, पण विचारलं की चर्चा होते आणि चर्चेत वेळ जातो. त्यांनी आणि किरणने दोन मिनिटांत डिकी रिकामी केली, मग मागची सीट. पिवळी साडी तेवढी ठेवायची, हे सरांना पक्कं लक्षात होतं. सीटवरच्या पिशव्यांत एकीच्या तोंडातून पिवळं डोकावत होतं. ती त्यांनी काळजीपूर्वक पुढे नीलाच्या पायाशी ठेवली आणि बाकीच्या सगळ्या किरणच्या हवाली केल्या.

नीला आली, रिकामी सीट बघून थबकली. सरांनी वजनाचं शास्त्र सांगितलं. तिने एवढंच विचारलं, “पिवळी ठेवलीत ना?” सरांनी पायाशी बोट दाखवलं. तिने पिवळं पाहिलं आणि बसली.

गाडी सोनगढच्या चढाला लागली. सर स्टीअरिंगला असे चिकटले होते की मागून ढकलत असावेत. प्रत्येक टक्का उतरला की नीला नाही, तेच सांगत, चौसष्ट, त्रेसष्ट. घामाने सदरा पाठीला चिकटला. पण चढ संपला, उतार आला, आणि साडेदहा वाजता महाराष्ट्राची सीमा ओलांडून नेरकर सरांची गाडी स्वतःच्या चाकांवर नवापुरात शिरली. आकडा बावन्न. बावन्न! एवढ्यात परत सुरतेला गेले असते. त्यांची छाती फुगली. मांडवाच्या दाराशी झेंडूच्या माळा घातलेला ट्रॅक्टर उभा होता, त्याच्याकडे त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही.

दारात खुर्ची टाकून रुक्मिणीमावशी बसल्या होत्या, लक्ष्मणरावांच्या घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. त्यांना दिसतं कमी, पण विचारायचं काही सोडत नाहीत. “मामा उना का?” मामा आला का, असं त्यांनी आत ओरडून विचारलं, आणि आतून चार बायका म्हणाल्या, उना, उना. शोभा धावत आली, भावाच्या पाया पडली, पिशवी घेतली आणि नवरीच्या खोलीत गेली. सर मोठ्या ऐटीत लक्ष्मणरावांना सांगायला लागले की वेग एकसारखा ठेवला तर बॅटरी कशी साथ देते.

आत अचानक शांतता झाली. पंधरा बायकांच्या खोलीत शांतता होते तेव्हा काहीतरी बरं झालेलं नसतं. मग शोभा बाहेर आली. तिच्या हातात पिवळं फडकं होतं. असलीच आणखी पाच फडकी पिशवीत होती. गाडी पुसायला सरांनीच आणलेली, मऊ, ओरखडा न पडणारी, आणि चांगली पिशवी वाया कशाला घालवायची म्हणून त्याच दुकानाच्या रिकाम्या पिशवीत भरून सीटवर टाकलेली.

“दादा,” शोभा म्हणाली, “माझ्या पोरीला हे नेसवू?”

कुणी हसलं नाही. तेच वाईट झालं. लक्ष्मणरावसुद्धा हसले नाहीत. रुक्मिणीमावशींनी विचारलं, साडी कोठे शे, आणि सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. उघड्या दारातून सरांना मयुरी दिसली. हळदीच्या अंगाने, केसांत फुलं माळून ती पाटावर बसली होती आणि मामाकडे बघत होती. रडत नव्हती. मामा काहीतरी करेल अशा नजरेने बघत होती, आणि ते सरांना रडण्यापेक्षा जड गेलं.

दहा चाळीस झाले होते. किरणला फोन लावला तर बंद. पुन्हा बंद. बाजारातून दुसरी आणू म्हणावं तर ब्लाउज त्याच पिशवीत, आणि मामाची साडी नवापूरच्या बाजारातली म्हटल्यावर नवऱ्याकडच्या बायका वर्षभर चघळणार. जीप, मोटारसायकली, सगळं वऱ्हाड आणायला स्टेशनवर गेलेलं. दारात वाहनं दोन, एक ट्रॅक्टर आणि एक नेरकर सरांची गाडी. पन्नास जायचे, पन्नास यायचे, आणि हातात बावन्न टक्के. धनसुखभाईंच्या शास्त्राने ही गाडी सोनगढलाच झोपायला हवी होती.

सरांनी त्रैराशिक मांडलं नाही. त्यांनी किल्ली काढली. नीला न बोलावता येऊन बसली.

मग जी गाडी पळाली! सकाळी चाळीसवर रडणारे सर नव्वदवर होते, रिकामा रस्ता आला की शंभरवर. ज्या दूधवाल्याने वळून पाहिलं होतं तो कुठेतरी उलट दिशेने गेला असेल तर त्याला काय दिसलं ते त्यालाच माहीत. नीलाने एसीचं बटण दाबलं आणि शेवटपर्यंत फिरवलं. पंचेचाळीस, अडतीस, तेहतीस. टक्के किलोमीटरपेक्षा जोरात गळत होते आणि पहिल्यांदाच सर तिकडे बघत नव्हते. नीला बघत होती, पण सांगत नव्हती. संसार म्हणजे तरी दुसरं काय असतं.

अकरा वीसला व्यारा. आकडा अठ्ठावीस. किरण दारातच. “फोन चार्जिंगला लावला होता सर,” तो म्हणाला. सरांनी या वाक्यावर काही बोलायचं टाळलं, ते बरंच झालं. पिशव्या मागच्या खोलीत एकावर एक रचलेल्या, सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांवर लाल अक्षरं, आणि किरणने धूळ बसू नये म्हणून एकूण एक पिशवीचं तोंड सुतळीने आवळून बांधलेलं. विद्यार्थी गुणाचा, त्याला कोण काय करणार. गाठी सोडत बसायला वेळ नव्हता. ज्या वजनासाठी हा सगळा खटाटोप केला होता ते सगळं वजन जसंच्या तसं परत गाडीत कोंबलं. नीला मागे गठ्ठ्यांच्या ढिगात बसली आणि गाडी सुटली तशी तिने दातांनी पहिली सुतळी तोडली.

पहिली नाही. दुसरी नाही. एकेक पिशवी उघडायची, साड्या मांडीवर उपसायच्या, मोरपंखी, डाळिंबी, राणी, आणि बाजूला सारायच्या. सोनगढला आठ झाल्या. गाडीने केशरी दिवा लावून पहिली सूचना दिली, वीस टक्के, चार्जिंग करा. नववी नाही. दहावी नाही. चढ सुरू झाला. अकरावी उघडल्यावर नीलाचा हात थांबला. तिच्या आवाजात पाणी होतं. “अहो, पलसाण्याला दिलेली पिशवी... ती नक्की वैशालीताईंचीच होती?”

सरांना सकाळ आठवेना. पहाटेची पेंग, घाई, त्यांनी सीटवरून एक पिशवी उचलून दिली होती. सीटवरून की डिकीतून? डिकीतून. की सीटवरून? पलसाणा इथून शंभराच्या आसपास, मुहूर्ताला चाळीस मिनिटं आणि गाडीत पंधरा टक्के. त्यांची पाचावर धारण बसली. गाडी मात्र चालली होती. तिला नणंदा, मुहूर्त, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती चढ चढत होती, निमूट, आवाज न करता, सकाळपासून तिच्यावर एवढा अविश्वास दाखवला त्याचा राग न धरता. सरांना एकदम तिच्यापुढे लाज वाटली.

मागे सुतळी तुटल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग नीला हसतेय की रडतेय ते कळेना असा आवाज. आरशात पाहिलं तर तिने पिवळी साडी छातीशी धरली होती आणि ब्लाउज डोळ्यांना लावला होता. उघडलेल्या अकरा गठ्ठ्यांच्या साड्यांत ती गळ्यापर्यंत बुडालेली होती. कुणाची कुठली हे आता देवालाच माहीत, पण त्या नणंदांचं पुढे बघता आलं असतं.

दहा टक्क्यांना गाडी पी पी करायला लागली. आठला पडदा मंद झाला. नवापूरच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद. सर फाटकापाशी चार मिनिटं थांबले, ती त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात लांब चार मिनिटं. नीलाने एसी बंद करायला हात पुढे केला. “असू दे,” सर म्हणाले.

बारा वाजून दहा मिनिटांनी गाडी मांडवाच्या दाराशी थांबली. आकडा चार. ट्रॅक्टरवर लक्ष्मणराव स्वतः बसले होते, इंजिन सुरू, मागे खरोखरच दोरखंड. ते टिंगल करायला बसले नव्हते, घ्यायला निघाले होते, हे त्यांच्या तोंडाकडे बघून कळत होतं. नीला साडी घेऊन आत पळाली. रुक्मिणीमावशींनी विचारलं, मामा उना का, आणि या वेळी सर स्वतःच म्हणाले, उना.

बारा एकतीसला त्यांना आत बोलावलं. मयुरी पिवळ्या साडीत उभी होती. सरांनी तिचा हात धरला. दारापर्यंत आल्यावर ती हळूच म्हणाली, “मामा, साडी किती थंडगार आहे.” बाहेर बेचाळीस डिग्री ऊन होतं. पन्नास किलोमीटर एसीच्या गारव्यात आणलेली साडी, थंड असणारच. सरांनी मान हलवली आणि भाचीला मांडवात नेलं.

अक्षता पडल्या, जेवणं झाली. गाडी आचाऱ्याच्या मिक्सरशेजारी एका लांब वायरवर लावून ठेवली होती आणि तासाला चार-पाच टक्के खात होती. दोन चुलत मामा तिच्याभोवती फिरत होते. लक्ष्मणराव पान घेऊन सरांजवळ आले. खुर्ची ओढून बसले. आणि मग, विचारल्याशिवाय राहवलं नाही म्हणून, पण एरवीच्या आवाजात नाही, त्यांनी विचारलं:

“एका चार्जिंगमध्ये किती चालते हो?”

तीनशे पंधरा सरांच्या ओठावर आलं होतं. अडीचशेही आलं. त्यांनी मांडवाकडे पाहिलं. मयुरी अजून पिवळ्या साडीतच होती.

“लागली तेवढी चालली,” ते म्हणाले.